कुणाकडून कुणाला

लग्न ठरलं तेव्हा दोघांच्याही घरच्यांना माणसांची काळजी नव्हती. दोघंही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, आपलं ताट आपण धुणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. काळजी होती ती मांजरांची. तिच्याकडे एक बोका होता, त्याच्याकडे एक मांजर, आणि दोघांनीही आधीच बजावून ठेवलं होतं की संसार करायचा तर मांजरासकट.

ती फोटोंना फ्रेम करून द्यायची. रस्त्याला लागून दुकान आणि मागे कारखाना म्हणावा अशी एक खोली. तिथे लाकडी पट्ट्या कापायच्या, काच कापायची, फोटोभोवती बसवायच्या जाड पुठ्ठ्याला, म्हणजे माउंट बोर्डाला, तिरकी धार काढायची. आसपासचे सगळे तिला फ्रेमवाली म्हणत आणि तीही फोनवर तेच नाव सांगे. बोका तिला त्या मागच्या खोलीतच सापडला होता, करवतीखालच्या भुशात मुटकुळं करून झोपलेला. पिल्लू होता तेव्हा. रंगही भुशाचाच, म्हणून नाव भुसा पडलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एकदा एक मोठा आरसा पोचवायला गेलेली फ्रेमवाली दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, तेव्हा हा बाहेर उभा राहून हाताने काम करत होता आणि तोंडाने तिच्याशी बोलत होता, म्हणजे ती घाबरू नये. दार उघडलं तेव्हा आधी आरसा बाहेर आला. त्यात त्याला स्वतःचं ग्रीस लागलेलं तोंड दिसलं आणि तो असा ओशाळला की पुसायला रुमालच सापडेना. लग्न कसं जमलं असं कुणी विचारलं की ती एवढंच सांगायची.

त्याच्या मांजरीचं नाव मॅडम. ते नाव त्याच्या पहिल्या बायकोने ठेवलेलं. तिनेच ती बसस्टॉपवरून उचलून आणली होती. ती बाई रक्ताच्या कॅन्सरने गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. शेवटी शेवटी मॅडम तिच्या पांघरुणावरून उठायची नाही, इतकं त्याने फ्रेमवालीला सांगितलं होतं. त्यापुढे तो कधी बोलला नाही आणि तिनेही खोदून विचारलं नाही.

मांजरांचं सूत जमायला माणसांपेक्षा वेळ लागला. पहिले काही महिने घरात नुसतं फिसफिस आणि गुरगुर. भुसा फ्रिजवर, मॅडम कपाटावर, आणि खाली नवराबायको मान वर करून दोघांची समजूत काढताहेत. मग एका दुपारी फ्रेमवाली जेवायला घरी आली तर सोफ्यावर दोघं एकमेकांना चिकटून पडलेली. मॅडम डोळे मिटून बसली होती आणि भुसा तिचं डोकं चाटत होता, अगदी मन लावून, एखादी जुनी काच पुसावी तसा. तिने नवऱ्याला कामावर फोन करून सांगितलं. त्या दिवसापासून मांजरं एका ताटलीत जेवू लागली आणि घरात ‘तुझा बोका’ आणि ‘माझी मांजर’ हे शब्द मागे पडले. दोघं ‘आपली’ झाली.

दोनेक वर्षं अशी चांगली गेली. मग मॅडम ताटली अर्धी ठेवून उठायला लागली. आधी वाटलं नखरे आहेत, नावाला साजेसे. पण ती हाताला हलकी लागायला लागली, खिडकीवर उडी मारायच्या आधी विचार करू लागली. एकदा तिने जांभई दिली आणि फ्रेमवालीचं लक्ष तिच्या हिरड्यांकडे गेलं. तिच्याकडे माउंट बोर्डाच्या पांढऱ्या रंगाच्या कितीतरी छटा होत्या आणि गिऱ्हाइकाला एकही दुसरीपासून वेगळी ओळखता येत नसे. तिला येत असे. गुलाबी असायला हवं तिथे तिला त्यातली एक छटा दिसली. तिने संध्याकाळी नवऱ्याला मॅडमचं तोंड उघडून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी दोघंही तिला पेटीत घालून डॉक्टरकडे घेऊन गेले.

डॉक्टर एक तरुण बाई होती. मांजराला हात लावण्याआधी स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम करायची. बोलायची जपून, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक ‘पण’ लावायची. तिने मॅडमचं रक्त घेऊन एका प्लास्टिकच्या छोट्या पट्टीवर टाकलं. एक निळा ठिपका आला तर चाचणी नीट झाली, तिने समजावलं, आणि दुसराही आला तर रक्तात विषाणू आहे. तिघंही त्या पट्टीवर वाकून उभी राहिली. दुसरा ठिपका सावकाश वर आला.

“फेलाइन ल्युकेमिया व्हायरस,” डॉक्टर म्हणाली. “मांजरांच्या थुंकीतून पसरतो. एकमेकांना चाटणं, एका भांड्यात खाणं, त्यातून. भांडकुदळ बोक्यांना चावण्यातून एक वेगळा विषाणू लागतो. हा मात्र गुण्यागोविंदाने राहणाऱ्यांचा.”

“म्हणजे कॅन्सर झालाय?” फ्रेमवालीने विचारलं.

“नाही. पण याच्यामुळे पुढे होऊ शकतो. होईलच असं नाही. पण हिचं रक्त कमी झालंय आणि अंगातली ताकद कमी पडली की साधं दुखणंही जड जातं. पण या एका चाचणीवर मी शिक्का मारणार नाही. दीडेक महिन्याने पुन्हा बघू.”

फ्रेमवालीने आणखी बरंच विचारलं. डॉक्टरने बरंच सांगितलं: विषाणू बाहेर फार वेळ टिकत नाही, साबणाने मरतो, माणसाला होत नाही, औषधाने जात नाही पण त्रास कमी करता येतो. लिफ्टवाला पेटीच्या जाळीतून आत बोट घालून उभा होता.

त्याच संध्याकाळी भुशालाही नेलं. त्याच्या पट्टीवर एकच ठिपका आला. दोघांना वेगळं ठेवा, डॉक्टर म्हणाली, भांडी वेगळी, शी-शूची माती वेगळी, मधलं दार बंद. भुसा अजून कोरा आहे, पण लागण ताजी असेल तर चाचणीत दिसायला वेळ लागतो. तेव्हा पुन्हा तपासू.

घरी येताना फ्रेमवालीला एका गोष्टीची लाज वाटली. तिला बरं वाटलं होतं. माझा तरी चांगला आहे, असं तिच्या मनात आलं होतं, शब्दांसकट.

घरातली मागची खोली मॅडमला दिली. लिफ्टवाल्याने आपली उशी उचलली आणि तोही तिथे झोपायला गेला. तिला एकटं वाटेल, एवढंच कारण त्याने दिलं. फ्रेमवाली भुशाला घेऊन पुढच्या खोलीत राहिली. मधल्या दाराच्या खालच्या फटीतून दोन्ही बाजूंनी पंजे यायचे आणि नुसतेच हवेत फिरायचे. भुसा दारापाशी बसून एका सुरात ओरडायचा. आत मॅडम उत्तर द्यायची, पण तिचा आवाज आता बारीक झाला होता. नवराबायको आत-बाहेर करताना साबणाने कोपरापर्यंत हात धूत. हातांची सालं निघायची वेळ आली.

फ्रेमवालीला हा आजार काही केल्या समजेना. तिचं आयुष्य मापावर गेलं होतं. पट्टी आखूड पडली म्हणजे पडली. तिथे ‘असेल, नसेलही’ असं काही नसतं. इथे आहे म्हटलं तर उद्या नसेल, नाही म्हटलं तर लपलेला असेल, नावात कॅन्सर पण कॅन्सर नव्हे. तिने आपल्या भावाला समजावून सांगायला घेतलं आणि मध्येच स्वतःच अडकली. भाऊ म्हणाला, सरळ आहे, आजारी मांजर कुणाला तरी देऊन टाका. कुणाला, असं तिने विचारल्यावर तो चहा प्यायला लागला. लिफ्टवाल्याच्या मुलीचा परगावाहून रोज फोन यायचा. ती कुठे कुठे वाचून सांगायची आणि कालचं आजच्याशी जुळायचं नाही. “मावशी, तू बाबांकडे बघ,” असं मात्र ती दर वेळी न चुकता म्हणायची.

बाबांकडे बघायचं म्हणजे काय, तेच तिला कळत नव्हतं. तो कामावर जायचा, यायचा, मॅडमला चमच्याने भरवायचा, आणि गप्प. तिने आपल्याशी दोन-तीन कारणं जोडून पाहिली. भुशाच्या पट्टीवर एकच ठिपका आला याचा त्याला राग आला असेल. किंवा दाराआड बसून तो त्या पहिलीची आठवण काढत असेल आणि आपण आपलं मध्ये पडू नये. ती एरवी त्याला अरेतुरे करायची आणि रागावली की तुम्ही म्हणायची. त्या दिवसांत ती तुम्ही म्हणायला लागली आणि त्याच्या लक्षातही आलं नाही, याचा तिला आणखी राग आला.

एका सुट्टीच्या दुपारी तो मोरीत मॅडमची ताटली घासत होता. ती बाहेर हात पुसत उभी होती. तो मागे न वळता म्हणाला, “एक विचारू?”

“विचारा.”

“ती गेली ती ल्युकेमियानेच. मॅडम तिच्या छातीवर झोपायची. तिचे हात चाटायची, तोंड चाटायची. डॉक्टर म्हणत होते की जवळ घेऊ नका, आणि मी म्हणायचो, असू दे, तेवढंच तिला बरं वाटतं.” त्याने नळ बंद केला. “यातलं कुणाकडून कुणाला गेलं?”

फ्रेमवालीला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला आणि ती तिथल्या स्टुलावर बसली. इतके दिवस तिने जोडलेली कारणं कुठल्या कुठे राहिली.

“अरे, माणसाला होत नाही म्हणून डॉक्टरने सांगितलं की,” ती म्हणाली.

“सांगितलं असेल. तिने ते नाव घेतलं, त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नाही.”

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर एका सशाची नखं कापत होती. फ्रेमवालीने सगळं सांगितलं, नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं, पांघरुणाचं, चाटण्याचं. डॉक्टरने कात्री बाजूला ठेवली.

“नाही,” ती म्हणाली. “मांजराकडून त्यांना काही झालं नाही आणि त्यांच्याकडून मांजराला काही झालं नाही. हा विषाणू माणसात शोधून पाहिलाय, तो सापडत नाही. दोन्हीकडे रक्ताचा संबंध आहे म्हणून नाव सारखं, एवढंच. त्या वेळी डॉक्टरांनी मांजर लांब ठेवायला सांगितलं ते नखं आणि साध्या जंतूंपायी.”

फ्रेमवाली ‘पण’ची वाट बघत थांबली. तो आला नाही. तिने घरी जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. लिफ्टवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं, बरं म्हणाला, आणि मॅडमच्या खोलीत गेला. त्याला पटलं आहे की तिला वाईट वाटू नये म्हणून तो मान हलवतोय, हे तिला सांगता आलं नसतं.

पुन्हा तपासायचा दिवस आला. मॅडमच्या पट्टीवर पुन्हा दोन ठिपके, भुशाच्या पट्टीवर पुन्हा एकच. आता भुशाला लस टोचून टाका, फ्रेमवाली म्हणाली. डॉक्टर म्हणाली, टोचू, पण हा दोन वर्षं तिच्या तोंडाला तोंड लावून राहिलाय, तेव्हा आधी याचं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते. तिथे पेशींच्या आत डोकावून बघतात.

फोन आला तेव्हा फ्रेमवाली काच कापत होती. तिने फोन खांद्याला आणि कानाला चिमटून धरला आणि हात चालू ठेवला.

“भुशाच्या पेशींत विषाणूचा अंश मिळालाय,” डॉक्टर म्हणाली. “पण झोपलेला. त्याच्या शरीराने त्याला दाबून ठेवलंय. रक्तात फिरत नाही, थुंकीत उतरत नाही.”

“म्हणजे आहे की नाही?”

“आहे. पण सध्या असून नसल्यासारखा. कदाचित आयुष्यभर उठणार नाही. पण मोठं आजारपण आलं, जागाबदल झाली, शरीराला ताण पडला, तर उठूही शकतो.”

“मॅडमकडून आला ना?”

“बहुधा. तिच्याकडून गेला आणि याने परतवला. पण उलटंही होऊ शकतं. याच्यात लहानपणापासून असेल, तुम्ही दोघं एकत्र राहायला आलात तेव्हाच्या धावपळीत थोडे दिवस जागा झाला असेल, आणि तिला लागला असेल. किंवा तिच्यातही आधीपासून झोपलेला असेल. आता मागे जाऊन बघता येत नाही.”

काच भलतीकडे तडकली. तिने ती टाकून दिली आणि दुसरी घेतली नाही.

त्या दुपारी तिने गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच फोटो बांधून दिला, इतकं तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. ती मनात जोडत होती. मॅडम त्याच्याकडे इतकी वर्षं होती, तिला शिंकही आली नव्हती. भुसा आला आणि दोनच वर्षांत ती वाळली. भुसा आला कुठून, तर भुशातून. त्याच्या आईचा पत्ता कुणाला आहे? सगळं बोट आपल्याकडे वळतंय, असं तिला वाटलं. मग वाटायचं, डॉक्टर ‘बहुधा’ म्हणाली ते तर मॅडमकडून आला याला. त्याला सांगितलंच नाही तर? भुसा कोरा आहे म्हटलं तर कोण विचारणार आहे? पण मग मधलं दार बंदच राहील आणि ते कायमचं बंद ठेवायला तिला एक खोटं लागेल, रोज नवीन. तिला ते झेपण्यातलं नव्हतं.

तो घरी येईपर्यंत ती थांबली नाही. तो ज्या इमारतीत काम करत होता तिथे गेली. तो तळमजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. नुसतं डोकं जमिनीच्या वर दिसत होतं. ती खड्ड्याच्या काठाशी उकिडवी बसली.

“भुशातही आहे,” ती म्हणाली. “झोपलेला आहे, पण आहे. आणि कदाचित आधी त्याच्यातच होता. मॅडमला त्याच्याकडूनच लागला असेल. नक्की नाही म्हणतात. पण असू शकतं.”

तिने ओळखीची सगळी उत्तरं मनात तयार ठेवली होती. तो चिडला तर काय, गप्प बसला तर काय.

“म्हणजे मॅडम आपण एकत्र यायच्या आधी चांगली होती?” त्याने विचारलं.

“असेल. नसेलही.”

“म्हणजे ती गेली तेव्हा मॅडमच्या अंगात काहीच नव्हतं. असं असू शकतं.”

“असू शकतं.”

त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि कपाळ खड्ड्याच्या काठाला टेकवलं. तो रडतोय की काय म्हणून ती आणखी वाकली. तो रडत नव्हता. खूप वेळ जड काही उचलून धरलेला माणूस ते खाली ठेवल्यावर जसा नुसता उभा राहतो, तसा उभा होता. डॉक्टरने छातीठोकपणे ‘नाही’ सांगूनही जे झालं नव्हतं, ते या ‘कदाचित’ने झालं होतं. फ्रेमवालीला त्यातलं तर्कशास्त्र कळेना. माणसाला होतच नाही, तर मॅडमच्या अंगात असलं काय आणि नसलं काय. हे ती बोलणार होती. मग तिने तोंड मिटलं आणि त्याच्या केसांतला ग्रीसचा गोळा बोटाने काढला.

“तुझा भुसा वाचला म्हणायचा,” तो म्हणाला.

“आपला,” ती म्हणाली. ते म्हणावं की नाही, याची तिला खात्री नव्हती.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरला फोन करून विचारलं की आता दोघांना एकत्र ठेवलं तर चालेल का. भुशाच्या शरीराने हा शत्रू एकदा ओळखला आहे, डॉक्टर म्हणाली, आणि दारापाशी बसून कुढण्याचा ताण त्यालाही चांगला नाही. तेव्हा शक्यतो चालेल. शक्यतो म्हणजे, लिफ्टवाल्याने विचारलं. शक्यतो म्हणजे शक्यतो, डॉक्टर म्हणाली.

त्यांनी दार उघडलं. आपण भलतंच तर करत नाही ना, असं दोघांच्याही चेहऱ्यावर होतं. भुसा उंबऱ्यावर थांबला. मॅडम उशीवरून उठली नाही. मग तो गेला, तिच्या तोंडाचा, कानांचा, औषधाच्या वासाचा बारकाईने वास घेतला, आणि फिसकारला. इतक्या दिवसांत तो तिला विसरला होता की तिचा वास बदलला होता, कोण सांगणार? पुढचे काही दिवस तो तिच्यापासून हातभर लांब बसायचा. मग अर्धा हात. मग एका सकाळी ती दोघं आधीसारखी पडलेली दिसली. लिफ्टवाल्याने आपली उशी पुढच्या खोलीत आणली.

मॅडम त्यानंतर एक हिवाळा आणि थोडा उन्हाळा जगली. मधले काही आठवडे तर ती इतकी खुशाल होती की रिपोर्ट चुकला असेल असं फ्रेमवालीला वाटायला लागलं होतं. मग परत हिरड्या पांढऱ्या झाल्या, औषध बदललं, पुन्हा थोडी सावरली, आणि एका सकाळी दवाखान्याच्या टेबलावर, लिफ्टवाल्याचा हात पाठीवर असताना ती गेली. डॉक्टरच तोंड फिरवून उभी राहिली. त्याला वाटलं होतं की आपण पुन्हा तिथेच, त्या पहिल्या दुखवट्यात जाऊन पडू. तसं झालं नाही. वाईट वाटलं, भरपूर वाटलं, पण ते मॅडमपुरतंच होतं, असं तो बायकोला म्हणाला, आणि आपण हे असं कसं म्हणतोय याचं त्यालाच नवल वाटत होतं.

भुसा बरेच दिवस कपाटावर बघायचा. मग बघायचा थांबला. तो खातो-पितो, वजन राखून आहे. दर काही महिन्यांनी त्याचं रक्त तपासतात. अजून तरी एकच ठिपका येतो.

मध्ये फ्रेमवालीचा भाऊ येऊन बसला होता. मॅडम गेली, आता घरातून तो आजार गेला की आहे, असं त्याने सहज विचारलं. “आहे,” फ्रेमवाली म्हणाली. “नाही,” लिफ्टवाला त्याच क्षणी म्हणाला. मग त्याने तिला पेशीच्या आत आणि रक्ताच्या बाहेर काय असतं ते समजावायला घेतलं, तिने त्याला मध्येच तोडलं की डॉक्टर असं म्हणालीच नव्हती, त्याने विचारलं की मग काय म्हणाली होती, आणि दोघंही कागद-पेन्सिल घेऊन बसली. भाऊ थोडा वेळ थांबला. मग त्याने चहाचा कप मोरीत ठेवला, भुशाच्या डोक्यावरून हात फिरवला, आठवण झाल्यासारखा साबणाने हात धुतला, आणि येतो म्हणून निघाला. त्यांना ऐकू गेलं नाही.